कैद्यांच्या वॉर्डातल्या सिस्टर

"ते नंतर बघू. आधी हात दाखवा."

पडेगावात माझं मेडिकलचं दुकान आहे. दुकानाबाहेर एक खुर्ची असायची आणि संध्याकाळी तिच्यावर सिस्टर बसलेल्या असायच्या. कोणी बँडेज घ्यायला आलं, की त्या त्याला समोरच्या बाकड्यावर बसवून घेत. माणूस सवयीनं सुरू करायचा, "मी अमक्या गावचा, तमक्यांचा..." की सिस्टरांचं हे वाक्य ठरलेलं. आपल्याकडं कसं असतं, तुम्हाला माहीतच आहे. पाण्याच्या आधी गाव विचारतात, आणि गाव कळलं की आडनाव. सिस्टरांनी कोणाला 'तुम्ही कुठले' असं विचारलेलं मला तरी आठवत नाही. माझं गाव त्यांना माझ्या बायकोकडून कळलं, तेही ओळख होऊन कितीतरी वर्षांनी.

लष्करातल्या नर्सिंगमधून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. बुटका बांधा, बारीक कापलेले पांढरे केस, कडक इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली चक्क कॅनव्हासचे बूट. दुकानातल्या औषधाच्या बाटल्यासुद्धा त्या येता जाता रांगेत लावायच्या. "ही काय परेड आहे का?" असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाल्या, "परेड असती तर आधी तुम्हाला दाढी करायला लावली असती."

एकदा एक दांडगा गडी गुडघा फोडून आला. स्पिरिटची बाटली पाहूनच बोंबलायला लागला. सिस्टरांनी हात मागं घेतला. "ओरडून घ्या. मी थांबते." तो बिचारा खरंच मनसोक्त ओरडला. ओरडून दमला तेव्हा त्यांनी जखम पुसली, आणि त्याला कळलंही नाही.

गेल्या वर्षी सीमेवर गोळीबार सुरू झाला, तेव्हाची गोष्ट. देवगाव रंगारीचा एक रिक्षावाला रोज पट्टी बदलायला यायचा. पत्र्यानं त्याचा तळहात फाटला होता. त्या दिवशी एका हातात मोबाइल धरून तो काहीतरी बघत होता. पकडलेला शत्रूचा सैनिक, डोळ्यांवर फडकं, हात मागं बांधलेले. खरं होतं का खोटं, कोण जाणे.

"ह्याला जित्ता कशाला ठिवला?" तो म्हणाला. "तुकडे करायला पाहिजेत असल्याचे."

दुकानापुढं उभे असलेले दोघं-तिघं हो ला हो म्हणाले. सिस्टर पट्टीचे वेढे देत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमचं कोणी हाय का तिकडं?"

"धाकटा भाऊ हाय. परवापासून फोन नाय." रिक्षावाल्याचा आवाज एकदम खाली आला. "माय जेवंना झालीय."

"मग राग येणारच," सिस्टर म्हणाल्या. "माझा पण धाकटा भाऊ होता."

इतक्या वर्षांत त्यांच्या भावाविषयी मी एक शब्द ऐकला नव्हता. हातातलं काम सोडून मी बाहेर आलो.

सिस्टर गंगापूरकडच्या शेतकरी घरातल्या. मुलीनं परक्यांची अंगं पुसायची हे वडिलांना पटेना. तेव्हा हा भाऊच त्यांच्या बाजूनं भांडला, आणि स्वतः पुढं फौजेत भरती झाला. एकाहत्तरच्या लढाईत तो आघाडीवर आणि त्या उत्तरेकडच्या एका लष्करी दवाखान्यात. त्यांना वॉर्ड दिला होता तो शत्रूच्या जखमी कैद्यांचा.

"दारावर पहारा असायचा," त्या सांगत होत्या. "आत मात्र सगळे नुसते पेशंट. माझी आपली गंगापुरी उर्दू. मी 'नक्को' म्हटलं की सगळा वॉर्ड हसायचा. मला बाजी म्हणायचे, म्हणजे ताई. 'बाजी, एक बार और बोलिए!' पाय कापलेला एक पोरगेला शिपाई होता, तो तर मुद्दाम मला 'नक्को' म्हणायला लावायचा."

एका सकाळी मेट्रननं त्यांना बोलावून घेतलं. भाऊ गेला होता. गावाकडची गाडी दुसऱ्या दिवशी होती. खोलीवर जाऊन पड, असं मेट्रन म्हणाल्या.

"खोलीवर जाऊन करू काय? पाय आपोआप वॉर्डाकडं वळले. त्या पोराची पट्टी बदलायची होती. ट्रे घेऊन बसले खरी, पण चिमटा नुसता धरून राहिले. एकच प्रश्न जिभेवर होता. तू कुठल्या मोर्च्यावर होतास रे?"

"विचारलं तुम्ही?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नाही."

"काहून?"

"विचारलं असतं तर पट्टी बांधता आली नसती."

सिस्टर पुढं सांगू लागल्या.

"त्यानंच विचारलं, 'बाजी, क्या हुआ?' मी म्हटलं, 'मेरा भाई.' त्याला कळलं. म्हणाला, 'आज पट्टी रहने दें.' मी म्हटलं, 'नक्को. रोज बदलनी पडती.' त्या दिवशी कोणी हसलं नाही. समोरच्या खाटेवर त्यांचा एक म्हातारा हवालदार होता. त्यानं दुव्याला हात वर केले. मग एकेकानं केले. ज्याला एकच हात होता, त्यानं एक केला. माझ्या भावासाठी पहिली प्रार्थना त्या लोकांनी केली. घरी अजून दहावाही व्हायचा होता."

"तुम्हाला राग नाय आला?"

"आला की. लई आला. त्यांनी हात वर केले, त्याचाही आला. रडत होते आणि पट्टी बांधत होते. पण सैल बांधली नाही."

घरी गेल्यावर 'तिकडं कोणाची सेवा करतेस' असं वडिलांनी विचारलं, तेव्हा त्यांनी खरं ते सांगून टाकलं. वडील ओसरीवरून उठून शेतात निघून गेले. लेकीशी बोलणं टाकलं. सुटी संपून त्या परत निघाल्या, तेव्हाही दारात आले नाहीत. कैदी आपल्या देशी परत गेले, सिस्टरांच्या बदल्या होत राहिल्या. शेवटच्या आजारात मात्र वडिलांनी दुसऱ्या कोणाच्या हातून औषध घेतलं नाही.

"तेव्हा बोलले का?" मी विचारलं.

"हो. म्हणाले, त्या पोरांना माय असंल ना गं."

रिक्षावाला बांधलेल्या हाताकडं बघत बसला होता. मोबाइल त्यानं कधीच खिशात घातला होता.

दोन-तीन दिवसांनी तो पळतच आला. फोन चालू होता. "सिस्टर, भाऊ हाय. बोला त्याच्यासंगं!" सिस्टर गडबडल्या. फोन कानाला लावला आणि दटावल्यासारखं म्हणाल्या, "वेळच्या वेळी जेवत जा. आणि पाय कोरडे ठेव." फोन परत दिला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

यंदाच्या थंडीत त्या आजारी पडल्या. शहरातल्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो, ती आमची शेवटची भेट. एक शिकाऊ मुलगी त्यांना सलाईन लावत होती. म्हातारा हात, शीर सापडेना. सुई आत जायची, बाहेर यायची. मुलगी रडकुंडीला आली होती. मी कोणाला तरी बोलवावं म्हणून उठलो, तर सिस्टरांनी मोकळ्या हातानं मला बसा म्हणून खुणावलं.

"घाई करू नको गं," त्या मुलीला म्हणाल्या. "मी कुठं पळून चाललेय?"

शेवटी सापडली एकदाची शीर. मुलीनं चिकटपट्टी लावली आणि भीत भीत विचारलं, "आजी, लई दुखलं का हो?"

मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा झाला होता. सिस्टरांनी तिच्या नकळत त्याच्यावर चादर ओढून घेतली.

"छे गं," त्या म्हणाल्या. "फार हलका हात आहे तुझा."