विभागाच्या फ्रिजमधलं विरजण

चांदूर बाजार ते अमरावती म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे. सकाळच्या एसटीत बसलं तर डब्यातली भाकर गार व्हायच्या आत माणूस पोचतो. पण मी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला निघालो त्या दिवशी आई स्टँडवर अशी रडली, की कंडक्टरनं बाबांना विचारलं, पोरगा फौजेत चालला का? बाबा म्हणाले, नाही, कॉलेजात. कंडक्टर हसला, बाबाही हसले, आई तेवढी हसली नाही. खिडकीतून हात घालून तिनं माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "भूक लागली की खाजो. कोनाची वाट पाहू नको."

गल्लीत कोणालाच कळलं नव्हतं की हा पोट्टा नेमकं काय शिकायला चालला. डॉक्टर? नाही. इंजिनियर? तेही नाही. मंग कायले चालला, असं एकानं तोंडावर विचारलं. बाबांनी त्यासाठी एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं: औषधं बनवाले शिकते तो. हे मी लिहितोय ते माझ्याबरोबर त्या होस्टेलात राहिलेल्या पोट्ट्यांसाठी, जे आता पुण्यात, बंगलोरात आहेत, एकजण तर जर्मनीत आहे. आणि थोडं त्या गल्लीसाठी, जिथं मी गेलो की अजून विचारतात, औषध बनलं का रे बापा?

नाही बनलं. हैदराबादला एका कंपनीत दुसऱ्यांनी बनवलेल्या इंजेक्शनांत जंतू नाहीत ना, एवढं मी तपासतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवायचा, दोन दारं ओलांडायची, आत बोलायचंसुद्धा कमी. एक जंतू सापडला तर अख्खी बॅच फेकतात. कँटीनमध्ये रोज दहीभात असतो. इथे दह्याला पेरुगु म्हणतात. चांगलं असतं, मी खातो. पण दह्याचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही आणि बोलवतही नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला दह्याचं प्रॅक्टिकल होतं. तुम्हाला आठवत असेल. मॅडमनी सांगितलं होतं, प्रत्येकानं दही आणायचं. तुम्ही लेकहो समोरच्या डेअरीतून पाकिटं आणली. मी शनिवारी घरी गेलो होतो, तर आईनं स्टीलच्या डब्यात गाडग्यातलं दही भरून दिलं. कॉलेजात दही मागतात हे ऐकून तिला फार बरं वाटलं होतं. शिक्षण म्हणजे तिला न कळणारी गोष्ट, त्यात आपल्या घरचं काहीतरी लागतं म्हटल्यावर तिनं वरची सायसुद्धा काढली नाही.

ज्यांनी हे प्रॅक्टिकल केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दही पाण्यात कालवून पातळ करत न्यायचं, शेवटचा थेंब प्लेटवर पसरायचा, प्लेट उबेला ठेवायची. दोन दिवसांनी तिच्यावर ठिपके उगवतात. एक ठिपका म्हणजे एकाच जंतूचं सगळं खानदान. त्याला कॉलनी म्हणतात. तुमच्या पाकिटवाल्या प्लेटांवर एकसारखे ठिपके आले, शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारखे. माझ्या प्लेटवर जत्रा भरली होती. मोठे, बारके, चमकणारे, मळकट, एक पिवळसर, एक पसरट. मॅडम वाकून म्हणाल्या, वा, घरचं दिसतंय. मग म्हणाल्या, यातली एकच कॉलनी घे, चांगली गोल, सुटी असलेली. बाकी सगळं ऑटोक्लेव्हला.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकर. त्यात घातलं की काही जिवंत उरत नाही. मी सगळ्यात देखणा ठिपका उचलला, नव्या नळीत वाढवला, रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिला. जांभळ्या काड्या, शिस्तीत पडलेल्या. बाकीची जत्रा कुकरमध्ये गेली. प्रॅक्टिकल असंच असतं, असंच करायचं असतं.

त्या संध्याकाळी आईनं फोनवर विचारलं, काय दिसलं माह्या दह्यात? मी म्हणालो, जंतू. ती अशी चिडली म्हणता! माझ्या घरचं दही आहे, त्यात जंतू कायचे, जंतू असतील तुझ्या मेसच्या वरणात. मी समजावलं की हे चांगले जंतू असतात, त्यांच्यामुळेच दही लागतं, तू रात्री चमचाभर विरजण घालतेस ना, ते म्हणजे तेच. मग ती जरा नरमली. हे विरजण तिनं लग्नात बाळापूरहून आणलं होतं, वरातीच्या गाडीत मांडीवर डबा धरून, आणि तेव्हापासून ते एकदाही मोडलं नव्हतं, हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं. मी म्हणालो, त्यातला एक मी ठेवलाय, कॉलेजच्या फ्रिजमध्ये.

"एकच ठेवला?" ती म्हणाली. "मंग बाकीच्याईचं काय केलं?"

मी हसलो. फेकले, म्हणालो.

माझी ती नळी इतकी चांगली वाढायची की मॅडमनी ती विभागासाठीच ठेवून घेतली, ज्युनियरांना दाखवायला. दर महिन्याला ताज्या नळीत उतरवायचं काम माझ्याकडे दिलं. नळीवरच्या चिठ्ठीवर मी आपलं नाव न घालता 'चांदूर बाजार' लिहिलं होतं. पोट्टे चिडवायचे, अबे तुह्या गावाले फ्रिजमध्ये ठेवलं. तिसऱ्या वर्षाला हैदराबादच्या कंपनीची माणसं आली आणि माझी निवड झाली. आईला फोन केला तर तिनं पहिलं विचारलं, तिथी भाकर भेटते का?

आणि मग ती गेली. दुपारी म्हशीचं पाणी करताना अंगणात बसली ती उठलीच नाही. बाबा संत्र्याच्या बागेत होते, मी प्रॅक्टिकलमध्ये, फोन बाहेर बॅगेत. पोचलो तेव्हा अंगणात माणसं होती आणि आत बायका. यापुढचं मला लिहिता येत नाही, येईल असंही वाटत नाही.

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. घरात माणूस गेलं की शिजलेलं अन्न टाकतात, भरलेलं पाणी ओततात, दूधदही ठेवत नाहीत. मातीची भांडी तर मुळीच नाहीत. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, तिनं हे सगळं केलं. कोणीतरी करायलाच हवं होतं आणि तिनं रडत रडत केलं. आईचं गाडगं दह्यासकट गेलं. त्या दिवशी ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. बाई गेली तिथं गाडग्याचं कोण घेऊन बसतं?

ते ध्यानात आलं तेरवीनंतर. पाहुणे पांगले आणि घरात आम्ही दोघं उरलो, दोन पुरुष, दोघांनाही चहापलीकडे काही येत नाही. शेजारच्या काकूंनी भाकरी पाठवल्या होत्या. बाबांचं जेवण आयुष्यभर एकाच रीतीनं संपायचं, शेवटची चतकोर भाकर दह्यात कुस्करून. भाजी खाऊन झाली आणि ते हातातली चतकोर घेऊन नुसते बसले. मी उठून दुकानातून पाकीट आणलं. त्यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"दही बेस हाय," ते म्हणाले. "पन आपलं नाई."

त्यानंतर ते जेवायचेच अर्धे. गळ्याची हाडं दिसायला लागली. मी सांगून टाकलं की हैदराबादला जात नाही. ते म्हणाले, जाय. मी म्हणालो, तुम्ही जेवत नाही. आमचं भांडण एवढ्या दोन वाक्यांचं, पण रोज व्हायचं.

काकूंना विरजण विचारलं, तर आईकडून वर्षानुवर्षं विरजण नेणाऱ्या काकू आता पाकीटच आणत होत्या. बाळापूरला मामीला फोन केला. मामी म्हणाली, आमचं तर आजी गेली तेव्हाच मोडलं रे, मीच तुझ्या आईकडून आणीन म्हणत होते. फोन ठेवला आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. नळी! आईच्या गाडग्यातला एक जण अमरावतीला फ्रिजमध्ये जिवंत होता.

मी पहिली एसटी पकडली. इतका आनंद मला निवड झाली तेव्हाही झाला नव्हता. लॅबमधलं काही तोंडात घालायचं नाही, हा आमचा पहिल्या दिवशीचा पहिला नियम. मी मॅडमना खरं काय ते सांगितलं. मग त्यांनी कोऱ्या बाटल्या काढून दिल्या, उकळलेल्या दुधात कसं पुन्हा पुन्हा उतरवायचं म्हणजे नळीतलं दुसरं काही उरत नाही ते सांगितलं, आणि मी काम करत होतो तोवर माझ्याकडे पाठ करून पेपर तपासत बसल्या. शेवटची बाटली मी शर्टाच्या आत धरून घरी आणली. बाबांनी नवं गाडगं आणून धुऊन ठेवलं होतं. दूध तापवलं, निववलं, विरजण घातलं. दोघंही त्या गाडग्याभोवती असे घुटमळत होतो, जणू आत बाळ निजलंय.

सकाळी दही लागलं होतं. काय लागलं होतं! उलथण्यानं कापावं असं. बाबा ताटावर बसले. मी त्यांना वाढलं आणि चमच्यानं स्वतः चाखलं.

आंबट होतं. नुसतं आंबट. वास नाही, गोडवा नाही, मागून येणारं काहीच नाही. आईच्या दह्यात जे होतं ते त्या जत्रेचं होतं, सगळ्यांनी मिळून केलेलं, आणि मी त्यातला एकटा उचलून आणला होता. आईनं विचारलेला प्रश्न तेव्हा मला समजला. शुद्ध करणं हेच तर शिकायला गेलो होतो. शिकलो, मार्क पडले, नोकरी लागली. यात कोणाचं चुकलं ते मला आजही सांगता येत नाही. कोणाचं चुकलं असतं तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घातल्या असत्या.

मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून खात होते. भाकर कुस्करली, वाटी रिकामी केली, बोटानं पुसली, पुन्हा मागितलं. मान वर न करता म्हणाले, "हेच व्हय. तुह्या आईचंच हाय. आता तू जाय."

त्यांनाही कळलं होतं आणि मलाही. मी म्हणालो, हो, तेच आहे. आणि गेलो.

त्याला आता काही वर्षं झाली. हैदराबादला मी मराठी बोलतो ती पुण्याच्या पोरांशी, म्हणजे जपून. वऱ्हाडी फक्त फोनवर. बाबा रोज दही लावतात. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्यासाठी दाखवायला करतात. पण नाही, रोज लावतात, पाहुण्यांना वाढतात, शेजारच्या काकूंनासुद्धा आता त्यांच्याकडून विरजण जातं. बाबांच्या हातचं विरजण! आईनं ऐकलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती.

मागच्या दिवाळीला गेलो. बाबांनी वाटी पुढे ठेवली. मी सवयीनं घास घेतला आणि थांबलो. दही बदललं होतं. आता त्याला वास होता, घट्टपणा होता, मागाहून किंचित गोड लागत होतं. माझा तो एकटा जंतू आता एकटा राहिला नव्हता. गाडग्याच्या मातीतून, म्हशीच्या दुधातून, बाबांच्या बोटांवरून, त्या घराच्या हवेतून कोण कोण येऊन त्याच्यात मिसळलं असेल, देव जाणे. कंपनीत याला कंटॅमिनेशन म्हणतात आणि बॅच फेकतात. सुरेख दही होतं. पण आईचं नव्हतं.

"पाह्य," बाबा म्हणाले, "तुह्या आईचं हाय. मोडू नाई देल्लं म्या."

ते सरळ माझ्या डोळ्यांत पाहत होते. त्या सकाळी त्यांनी मान वर केली नव्हती. आता ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. रोज खाऊन खाऊन खरी चव त्यांच्या जिभेवरून निघून गेली होती, आणि ते सुखात होते, भरल्या अंगानं, दुसरी वाटी ओढून घेत. मी म्हणालो, वाढा अजून.

म्हणजे आता ती चव ठाऊक असलेला मी एकटाच उरलो, असं म्हणत मी हैदराबादची गाडी पकडली. इकडं लोक विचारतात, घर कुठं? मी चांदूर बाजार सांगतो, ते कुठं आलं, मग अमरावती सांगतो, मग नागपूरजवळ म्हणून सोडून देतो. पण मनात मला घर म्हणजे ती चव असं वाटायचं, जी कुठल्या नळीत मावली नाही आणि निदान माझ्यात तरी आहे. परवा सुट्टी होती. दार लावून, डोळे मिटून बसलो आणि आईचं दही आठवायचा प्रयत्न केला. तिचा हात आठवला, बांगडी आठवली, गाडग्याचा काठ आठवला. चवही आली, अगदी खरी, जिभेवर. ती बाबांच्या दह्याची होती.