दिवसा सूर्य, रातले सरकार

सुखाबाईंचे किस्से मी पवनीत इतक्यांदा सांगितले आहेत की त्यांतलं डोळ्यांनी पाहिलेलं किती आणि सांगता सांगता चिकटलेलं किती, हे आता मला सांगता येत नाही. असे किस्से साचत जातात. निवडून ठेवायला कोणी बसत नाही. जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, मोजल्याशिवाय बोलू नका असं मुलांना बजावलं. स्वतःची आठवण मात्र कधी मोजून पाहिली नाही. तरी सांगतो.

माणसं चारच. धनराज, आमच्या मागच्या गल्लीतला विणकर. त्याची बायको सुखाबाई. फुफ्फुसं निकामी होत आलेली, दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनवर. मशीन विजेवर चालणारं, म्हणजे लाईट गेली की अडचण. कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर होता, पण तो काही तासांचा सोबती. तिसरा मोरेश्वर, इलेक्ट्रिशियन, माझा जुना विद्यार्थी. चौथा मी. छतावर सोलर पॅनल, खाली बॅटऱ्या, आणि ऊन व सरकारी लाईन दोन्हींवर त्या भरणारा इन्व्हर्टर, अशी योजना मी आखली. मोरेश्वरने ती बसवली.

*

पहिल्याच दिवशी वाद झाला. मोरेश्वर म्हणाला, "सर, लाईन आहे तोवर बॅटरी गच्च भरून ठेवू. सूर्याचा काय भरवसा?"

मी त्याला समजावलं. रात्री लाईननेच बॅटरी भरून टाकली, तर सकाळी ऊन साठवायचं कुठे? म्हणून बॅटरी अर्ध्यावर उतरली तरच लाईनने भरावी. वहीत आलेख काढून दाखवला.

त्याने आलेख बराच वेळ पाहिला. "बारावीत तुम्ही मले याच धड्यात नापास केलं होतं सर. आता मी काय बोलू?"

मी म्हणालो तसं सेटिंग त्याने केलं.

सुखाबाई खाटेवरून ऐकत होत्या. "म्हणजे दिवसा सूर्य, रातले सरकार," त्या म्हणाल्या. "सरांनी मले दोन नवरे करून देले. भरवशाचा एकही नाही."

*

महिन्याभरात इन्व्हर्टरवर दिसणारी पॅनलची दिवसभराची वीज निम्म्यावर आली. मी मीटर घेऊन रोज दुपारी धनराजच्या घरी. धूळ पुसली. पॅनलचा कोन बदलला. वायरमधली घट काढली. मी तपासताना करंट पूर्ण, दिवसाचा आकडा मात्र निम्मा. वहीची सहा पानं भरली. शेवटी पॅनलच सदोष असावेत असा निष्कर्ष लिहिला आणि दुकानदाराला पत्र टाकलं.

"सर," सुखाबाई म्हणाल्या, "तुम्ही येता तवा हे लाजून सूत काढून घेतेत."

धनराज रंगवलेल्या सुताच्या लडी पॅनलच्या वरच्या बांबूवर वाळत घालायचा. वर्षानुवर्षांची ती जागा. मी येताना दिसलो की सगळ्या लडी उतरवायचा.

"अरे, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतकं लिहून राहिले होते सर," धनराज म्हणाला. "मंधात कसं बोलू?"

*

दसऱ्याला विणकराच्या घरी माग चालत नाही. हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती. सोनं द्यायला गेलो तर बॅटऱ्यांवर हळदकुंकू, इन्व्हर्टरवर झेंडूची माळ, आणि इन्व्हर्टर बंद.

"आज त्यालेही सुट्टी," धनराज म्हणाला.

बंद इन्व्हर्टरमधून मशीनला लाईन मिळत नव्हती. सुखाबाई सकाळपासून सिलिंडरवर होत्या आणि सिलिंडरचा काटा तळाला टेकत आला होता. मी माळ ओढून काढली आणि बटण दाबलं. घाईत कुंकू माझ्या सदऱ्यावर सांडलं.

मशीन सुरू झाल्यावर सुखाबाईंनी नळी नीट केली. "माग जेवला, बॅटरी जेवली," त्या म्हणाल्या. "मलेच उपास पडला होता."

*

गल्लीत लाईट गेली की फक्त याच घरात टीव्ही चालायचा. एकदा क्रिकेटच्या फायनलला पंधरावीस माणसं सुखाबाईंच्या खाटेभोवती बसली होती. बॅटरी उतरली, इन्व्हर्टर शिट्टी मारू लागला. मी म्हणालो, टीव्ही बंद करा.

"सर, शेवटची ओव्हर आहे," कोणीतरी म्हणालं.

"पाहून घ्या," सुखाबाई म्हणाल्या. "माझीही शेवटचीच आहे."

त्यावर आधी त्याच हसल्या. मग सगळे हसले. मोरेश्वर उठला आणि त्याने टीव्हीची पिन काढली.

*

सुखाबाई श्रावणात गेल्या. धनराज लुगडी द्यायला भंडाऱ्याला गेला होता, घरी त्या एकट्याच. शेजारीण डबा घेऊन गेली आणि धावत माझ्याकडे आली. मी पोचलो तेव्हा मशीन गप्प होतं, नळी उशीवर होती, आणि सगळं संपलं होतं. मशीनच्या बटणाकडे कोणी पाहिलं नाही. आभाळ भरलेलं मला आठवतं. सकाळपासून लाईट नव्हती असं गल्लीत कोणीतरी म्हणाल्याचंही आठवतं. मशीन चांगलं होतं. पुढे मोहाडीच्या एका पेशंटकडे ते तीन वर्षं चाललं.

हिशेब मी तिथेच उभ्याउभ्या केला. ऊन नाही, लाईन नाही, आणि बॅटरी माझ्या सेटिंगने अर्धीच भरलेली.

तेराव्याला मी धनराजला तसं सांगितलं. मोरेश्वर म्हणाला होता तशी गच्च भरून ठेवली असती तर त्या वाचल्या असत्या.

"तुम्ही होते म्हणून दोन वर्षं निंगली सर," तो म्हणाला.

मला ते पटलं नाही. त्यानंतर कोणी सोलरबद्दल विचारलं, की मला त्यातलं कळत नाही असं सांगू लागलो.

पाच वर्षांनी मोरेश्वर घरी आला. त्या इन्व्हर्टरची रोजची नोंद त्याच्या मोबाईलवर जमा होत होती, हे तेव्हा प्रथम कळलं.

"इतकी वर्षं उघडून पाह्याची हिंमत नाही झाली सर," तो म्हणाला. "बसवलं तं मीच होतं ना. काल रातच्याले पाहिलं."

मी चष्मा लावला. तारीख तीच होती. दोनदा ताडून पाहिली. सकाळी आठपासून पॅनलवर चांगलं ऊन. लाईन दिवसभर, एकदाही गेलेली नाही. बॅटरी जवळजवळ पूर्ण. आणि लोडच्या रकान्यात, म्हणजे मशीनने ओढलेल्या विजेच्या, सव्वादहापासून पुढे, शून्य.