चाळीसच्या खालची कामं

नगरपालिकेत तिला सगळे यादीबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि तिथं ते वाचायची कुणाला गरज पडत नव्हती. एकोणतीस वर्षं ती एकच काम करत आली होती. येत्या वर्षी शहरानं कुठं काय बांधायचं, कुठला रस्ता, कुठलं गटार, कुठल्या शाळेची भिंत, याची जी लांबलचक यादी अंदाजपत्रकाच्या सभेपुढे जाते, ती तयार करायची, टाइप करायची, साठ प्रती काढायच्या, टाचायच्या आणि सभागृहातल्या प्रत्येक बाकावर एकेक ठेवून यायची. एवढं करून ती मागच्या भिंतीशी उभी राही, कारण तिच्यासाठी तिथं खुर्ची नव्हती.

यादीत दरवर्षी साठ-पासष्ट कामं असत आणि पैसा पुरे तो चाळीसेक कामांना. मग उरलेली कुठली गाळायची यावर खरं तर दिवसभर भांडण व्हायला हवं. पण आधीच्या सभापतींनी एक सोपी रीत पाडून ठेवली होती आणि आत्ताच्यांनी ती डोळे मिटून उचलली होती. सभापती उठत, न उघडलेल्या यादीवर पंजा ठेवत आणि म्हणत, "एक ते चाळीस मंजूर. खालची पुढच्या वर्षी." बाकं वाजत. चहा येई. शहराचं वर्ष असं पाच मिनिटांत निकालात निघे.

आता वरची चाळीस कुठली, हे सभेआधीच ठरलेलं असे. हेडक्लार्क सभापतींच्या घरून एक चिठ्ठी घेऊन यायचा, त्यातली कामं वर चढायची, आणि गेल्या वर्षी खाली राहिलेली बिचारी जिथल्या तिथं, त्याच क्रमानं पुन्हा टाइप व्हायची. सभासदांपैकी कुणी यादी उघडून वाचत नसे. सभेच्या आदल्या दिवशी फक्त फोन करत, "बाई, माझं काम आहे ना यादीत?" ती म्हणे, "आहे." एवढ्यावर त्यांचं समाधान होई.

या खालच्या कामांत एक होतं, नाल्यावरचा पादचारी पूल. अकरा वर्षं ते पन्नास आणि साठच्या मध्ये कुठंतरी लटकलेलं होतं. ज्यांना पूल हवा होता त्यांनी मधल्या काळात तीन फळ्या तारेनं बांधून नाल्यावर टाकल्या होत्या, आणि सगळी पलीकडची वस्ती त्यावरून ये-जा करत होती. लांबच्या रस्त्यानं जायचं तर पाऊण तास जाई. यादीबाईची धाकटी बहीण पलीकडेच राहायची. दवाखान्यात आयाचं काम करायची, सकाळी फळीवरून जायची, संध्याकाळी फळीवरून यायची. पुलाच्या अर्जावर वस्तीतल्या सह्या तिनंच दारोदार फिरून गोळा केल्या होत्या. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मधली फळी उलटली आणि ती खाली काठाच्या दगडांवर डोक्यावर पडली. ज्या दवाखान्यात काम करायची, त्याच दवाखान्यात दुसऱ्या दिवशी गेली. मागं राहिली पंधरा वर्षांची मुलगी. तिचा बाप कधीच घर सोडून गेला होता, म्हणून मावशीनं भाचीला आपल्याकडं आणलं. पण पोरीची शाळा आणि मग कॉलेज नाल्यापलीकडंच, तेव्हा तीही रोज त्याच फळीवरून जात राहिली. ती घरी येईपर्यंत मावशीचा जीव टांगणीला लागलेला असे.

एवढ्यावरही यादीबाई कदाचित गप्प राहिली असती. नशिबाला बोल लावून माणसं आयुष्य काढतात, तिनंही काढलं असतं. पण बहीण गेल्यावर सहाव्या दिवशी ती कामावर आली आणि त्याच दिवशी महिन्याची सर्वसाधारण सभा होती. एका सभासदानं उठून पुलाचा विषय काढला. सभापती खुर्चीत रेलून बसले होते. म्हणाले, "ती फळी काय त्या बाईनं पहिल्यांदा पाहिली होती? पाय कुठं टाकायचा, हे आता नगरपालिकेनं शिकवायचं का?" सभागृह हसलं. अगदी खदखदून नाही, पण हसलं. यादीबाई विषयपत्रिकेच्या प्रती वाटत होती. तिनं उरलेल्या सात बाकांवर सात प्रती ठेवल्या आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

याहून वाईट पुढं झालं. इतिवृत्त लिहिणारी मुलगी रजेवर होती, म्हणून सभेचं इतिवृत्त टाइप करायला तिच्याकडेच आलं. हेडक्लार्कनं सभापतींच्या त्या बोलण्याच्या जागी लाल पेनानं दुरुस्ती करून ठेवली होती: "या दुर्घटनेबद्दल मा. सभापतींनी तीव्र दुःख व्यक्त केले." ते वाक्य तिनं आपल्या दहा बोटांनी टाइप केलं. त्या दिवसापासून तो सभापती तिच्या डोळ्यांत खुपायला लागला. त्याच्या पांढऱ्या बुटांचा आवाज जिन्यात ऐकू आला तरी तिच्या अंगाचा तिळपापड होई. त्याचं वाटोळं व्हावं असं तिला वाटायचं, आणि असं वाटण्याची तिला जराही लाज नव्हती.

चार वर्षं ती संधी शोधत होती. संधी आणून दिली ती सभापतींनीच. यंदा त्यांच्या डोक्यात कारंजं शिरलं. त्यांच्याच बंगल्यासमोरच्या मोकळ्या जागेत बाग, बागेत रंगीत दिव्यांचं कारंजं आणि त्याला त्यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव. कोनशिला तर तयारही झाली होती. पाथरवटानं वडिलांचं नाव कोरलं, खाली उद्घाटक म्हणून मुलाचं कोरलं, आणि ती शिला कापडात गुंडाळून बंगल्याच्या व्हरांड्यात ठेवली होती. नातेवाइकांना तारीखही कळवून झाली होती. चिठ्ठीत कारंजं अर्थातच दुसऱ्या क्रमांकावर होतं. पहिल्या क्रमांकावर नेहमीसारखी नगरपालिकेच्या गच्चीची गळती.

यादीबाईनं चिठ्ठी घेतली, हेडक्लार्कला "ठीक आहे" म्हटलं आणि कपाटातून एक जुनं परिपत्रक काढलं. ते तिला तोंडपाठ होतं, तरी पुन्हा वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की भांडवली कामांची यादी मागणी-अर्जाच्या तारखेनुसार लावावी, जुना अर्ज वर, नवा खाली. हा नियम कुणी कधी पाळला नव्हता आणि कुणी कधी रद्दही केला नव्हता.

मग ती कामाला लागली. दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तळघरातल्या अभिलेख कक्षात जायची, आवक नोंदवह्या काढायची आणि एकेका कामाचा पहिला अर्ज कधी आला ते शोधायची. वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या. धुळीनं तिला खोकला झाला. भाची म्हणाली, "मावशी, काय शोधतेस एवढं? आता डॉक्टरकडं चल." मावशी म्हणाली, "सभा होऊ दे." त्रेसष्ट कामांच्या त्रेसष्ट तारखा तिनं काढल्या. पूल पहिल्या क्रमांकावर टाकायचा मोह तिला झाला, नाही असं नाही. एका संध्याकाळी तिनं तसा टाइपही करून पाहिला. मग तो कागद फाडला. उद्या कुणी बोट ठेवलं तर ते नियमावर पडायला हवं होतं, तिच्यावर नाही. तारखेनं पूल सहावा आला. तारखेनंच कारंजं त्रेसष्टावं आलं, सगळ्यात शेवटी. आणि गंमत अशी की गच्चीच्या गळतीचा अर्ज एकोणीस वर्षांपूर्वीचा निघाला, म्हणजे पहिली ओळ जशीच्या तशी राहिली.

हेडक्लार्कनं यादी हातात घेतली, पहिली ओळ पाहिली, शेवटच्या पानावर सही ठोकली. सभेच्या आदल्या दिवशी सभापतींचा फोन आला.

"बाई, कारंजं आहे ना यादीत?"

"आहे, साहेब."

"ठळक अक्षरात?"

"सगळं एकाच अक्षरात असतं, साहेब. पण आहे."

त्या रात्री ती निवांत झोपली.

सभेत ती नेहमीच्या जागी, भिंतीशी होती. एकच धाकधूक होती. पैसे यंदा जरा जास्त आलेत आणि साहेब चाळीसऐवजी सगळीच मंजूर करतील की काय? किंवा एखाद्याला आजच वाचायची हुक्की येईल. पुढच्या बाकावरच्या एका सभासदानं खरंच यादी उघडली. त्यानं पानाचा कोपरा फाडला, त्या कोपऱ्यानं दात कोरला आणि यादी मिटून ठेवली.

सभापती उठले. यादीवर पंजा ठेवला. "एक ते चाळीस मंजूर," ते म्हणाले. "खालची पुढच्या वर्षी." बाकं वाजली. सूचकानं सूचना मांडली, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, ठराव झाला. चार वर्षांत पहिल्यांदा तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. ती हसली नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला पांढरे बूट जिना चढून आले. हेडक्लार्क आधीच उभा होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. सभापतींच्या हातात यादी होती, आणि ती आता उघडलेली होती.

"बाई, हे काय आहे?"

तिनं परिपत्रक पुढं केलं. मग नोंदवहीतल्या तारखांचा तक्ता पुढं केला. सभापतींनी दोन्ही वाचलं. मग म्हणाले, विषय पुन्हा सभेपुढं घेऊ. हेडक्लार्क हळूच म्हणाला, "साहेब, एकदा ठराव झाला की वर्षभर तो विषय पुन्हा घेता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आपणच तसं करून घेतलंय, विरोधकांना रोखायला." सभापतींनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पाणी प्यायला निघून गेला.

खोलीत दोघंच उरली. अर्जदारांसाठी तिच्या टेबलासमोर एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर सभापती बसले.

"माझं आणि तुमचं काय वाकडं आहे, बाई?"

या प्रश्नासाठी ती चार वर्षं थांबली होती. तिनं सगळं सांगितलं. फळी, दवाखाना, सहावा दिवस, ते वाक्य, सभागृहाचं हसणं आणि लाल पेनानं लिहिलेलं तीव्र दुःख. आवाज चढवला नाही. तो चिडेल, ओरडेल, बदलीची धमकी देईल, असं तिनं धरलं होतं आणि प्रत्येकाला उत्तर तयार ठेवलं होतं. सभापती बराच वेळ आठवत राहिले. शेवटी त्यांना आठवलं, आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

"ती तुमची सख्खी बहीण होती?" ते म्हणाले. "अहो, मग तेव्हाच एक शब्द टाकायचा होता माझ्याकडं. आपल्या ऑफिसातल्या माणसाचं काम मी अडवलं असतं का? चिठ्ठीत घातलं असतं, त्याच वर्षी पूल झाला असता."

ते मनापासून बोलत होते, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. कारण बहीणही हेच म्हणाली होती. जायच्या आदल्या वर्षी, याच स्टुलावर बसून, पुलाचा नव्यानं केलेला अर्ज पुढं करत म्हणाली होती, "ताई, तू रोज त्यांच्यासमोर असतेस. एकदा बोल ना." आणि ताई म्हणाली होती की असलं मी कधी केलं नाही, आपलं काम नियमानं येईल. अर्जावर शिक्का मारून तिनं तो ढिगात ठेवला होता. चार वर्षं ती या माणसाचा राग राग करत आली होती, आणि त्या रागाखाली हे स्टूल दडपून ठेवलं होतं. आता तिला ते डोळ्यांसमोर दिसत होतं. तिला रडू आलं, आणि या माणसासमोर यावं याचा संतापही आला.

सभापतींना वाटलं, बाई विरघळल्या. त्यांनी स्टूल पुढं ओढलं आणि आवाज खाली आणला.

"झालं ते झालं. पूल तर तुमचा झालाच आता, त्याला मी हात लावत नाही. ठरावाची पक्की प्रत अजून टाइप व्हायचीय ना? एक ओळ खालची वर घ्या, कारंजं चाळीसमध्ये बसवा. कोण बघतंय? कोनशिला तयार आहे, बाई. वडिलांचं नाव आहे. आता मी तुमच्याकडं शब्द टाकतो."

खरंच कुणी बघितलं नसतं. तिनं डोळे पुसले, चष्मा घातला, मशीनमध्ये कागद सरकवला आणि ठराव आहे तसा, सहावं काम सहावं, त्रेसष्टावं त्रेसष्टावं, टाइप करून बाहेर काढला. मग तो त्यांच्यापुढं ठेवला आणि सहीच्या जागेवर बोट टेकवलं.

"साहेब," ती म्हणाली, "बहीण मरून गेली, तरी तिच्यासाठी मी शब्द टाकला नाही. तुमच्या वडिलांसाठी नियम मोडू होय?"

सभापतींनी खिशातून पेन काढलं आणि सही केली.