उभ्या उभ्या तापणारी व्हॅन

काल सिग्नलला तापलेल्या रेडिएटरचा वास आला आणि मी मनानं कॉलेजच्या दिवसांतल्या जळगाव जामोदच्या स्टँडवर पोचले. आमचं घर बाबांच्या जुन्या व्हॅनवर चालायचं. गाडी आता निघतेच आहे असं प्रवाशांना वाटावं, म्हणून बाबा इंजिन चालूच ठेवत. पुढं पुढं मात्र ती उभ्या उभ्या वाफा सोडायला लागली.

"इकूनच टाकतो आता," बाबा म्हणाले. व्हॅन विकली की माझं कॉलेजही सुटणार होतं.

"बाबा, संग्रामपूरच्या रस्त्यानं काऊन नाही तापत?"

"गाडी पयताना हवा लागते ना, पोरी."

"मंग उभ्या गाडीले हवा कोन देते?"

बाबांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता, त्याची वायर तुटली होती. ती जोडताच पंखा भर्रकन फिरला. बाबा ओरडले, "चला, संग्रामपूर!"

तेव्हा मला माझ्या हुशारीचीच ऐट होती. त्यांच्या आवाजातली सुटका आज ऐकू येते. त्याच व्हॅनच्या कमाईवर मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर.