अर्ध्या घडीचं अनुदान

अनुदान हा शब्द कानावर पडला तरी मला शिसारी येते. आमच्या ताईंचं काय झालं ते ऐका, मग मला तोंडाळ म्हणायचं तर खुशाल म्हणा.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नाचणारी. "नाचणारी म्हणजे कसली?" असं विचारून लोक भुवया उंचावतात, म्हणून लगेच सांगते, स्वतःचे नाच स्वतः बसवणारी. लहानपणी पाय जमिनीवर ठरत नसत म्हणून सगळे त्यांना भिंगरी म्हणायचे, आणि पन्नाशी गाठली तरी ते नाव काही सुटलं नाही. लग्न केलं नाही, आमच्याचकडे राहायच्या. एका शाळेच्या तळघरात मुलांना शिकवायच्या. सिमेंटची फरशी, कोपऱ्यात मोडकी बाकं, वरून पाण्याचा पाइप गळतोय, आणि ह्या आपल्या ताल मोजतायत. मी शिवणकाम करते. त्यांचे नाचाचे सगळे कपडे माझ्याच मशीनवरचे, त्यामुळे कुठल्या नाचात कुठली शिवण उसवणार हे मला पाठ.

सासूबाईंनी उभा जन्म लॉन्ड्रीत काढला. हॉस्पिटलच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या. ताईंनी त्यावर नाच बसवला होता. एक चादर आणि एक बाई, बस्स. पहिल्या अर्ध्या भागात ती चादर पिळते, झटकते, इस्त्री फिरवते, घडी घालायला घेते. घडी अर्धी होते आणि ती क्षणभर थांबते. मग गच्ची सुरू होते. लॉन्ड्रीच्या गच्चीवर सासूबाई वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमधून छोट्या ताईंना पळवायच्या, लपाछपी खेळायच्या, मालक गेला की दोघी उड्या मारायच्या. तो सगळा आनंद त्या दुसऱ्या भागात होता. नुसत्या उड्या आणि गिरक्या. मी तळघरात एकदा पाहिला तेव्हा मला हुंदका आवरेना, आणि मी काही अशी ऊठसूट रडणारी बाई नाही.

पण सासूबाईंनी तो बघितलाच नव्हता. तळघराचे जिने त्यांना उतरवत नव्हते आणि आमच्या खोलीत उडी मारली तर डोकं पंख्याला लागेल. "माझ्यावरचा नाच मी मेल्यावर दाखवणार का गं?" असं त्या दर चार दिवसांनी विचारायच्या. त्यात ताईंचा गुडघा गेला. सिमेंटनं खाल्ला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, आणि नंतर उड्या विसरा. म्हणजे एकदाच, खऱ्या रंगमंचावर, लाकडी फरशीवर, आईला समोर बसवून तो नाच पुरा करायचा, एवढी एकच इच्छा. नाट्यगृहाचं भाडं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून कलावंतांना अनुदान देणाऱ्या मंडळाकडे अर्ज केला.

ताईंनी सरळ लिहिलं, नाच तयार आहे, फक्त जागा हवी. झालं! मंडळाचं उत्तर आलं की आम्ही शोधाला पैसे देतो, तयार कामाला नाही. मी म्हटलं, "म्हणजे स्वयंपाक झाला असेल तर ताट मिळणार नाही, तांदूळ कच्चे दाखवले तर मिळेल? ह्यांची डोकी ठिकाणावर आहेत का?"

ताईंचा एक जुना विद्यार्थी आता नाच सोडून दुसऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचा धंदा करतो. तोच आला मदतीला. आमच्या पलंगावर मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, "ताई, 'झालंय' हा शब्द तोंडातून काढू नका. ते बघायला येतील तेव्हा घडीपर्यंत करा आणि थांबा. म्हणा, इथून पुढचं मला माहीत नाही."

"अरे, पण मला माहीत आहे की."

"माहीत असलं की मिळत नाही."

तो गेल्यावर ताई गुडघा चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे. आईसाठी एवढं खोटं बोलेन."

समितीची तीन माणसं तळघरात आली. एक मफलरवाले अध्यक्ष, एक चष्मेवाली बाई, आणि एकजण सारखा मोबाइलवर शूटिंग करणारा. मी चहा घेऊन गेले होते म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. ताई नाचल्या. घडीपाशी आल्या आणि थांबल्या. हातात अर्धी चादर, पाय पुढे जायला वळवळतायत, आणि बाई बळेच उभी. असं वाटत होतं की आता श्वास कोंडेल हिचा. खाली मान घालून म्हणाल्या, "इथून पुढचं मला अजून सापडलेलं नाही."

अध्यक्षांनी मफलरनं डोळे टिपले. खरंच टिपले! "हा थांबा," ते म्हणाले, "हाच तर नाच आहे." चष्मेवाली म्हणाली, "श्रमाला शेवट नसतोच, किती सुंदर!" मला वाटलं, ट्रे तिथेच आपटावा. एका बाईच्या उत्साहाचा गळा दाबून धरलाय आणि हे म्हणतायत सुंदर. चहा मात्र तिघांनी दोनदा घेतला.

अनुदान मिळालं. सोबत एक मार्गदर्शकही मिळाला, न मागता. सडपातळ, मृदू आवाजाचा, सारखा 'आपण' म्हणणारा. ताईंनी भोळेपणानं पंधरवड्यात त्याला सांगितलं, "सापडलं हो मला पुढचं," आणि गच्चीचा भाग करून दाखवला. तोही दुखऱ्या गुडघ्यानं. धापा टाकत भिंतीला टेकल्या. तो गाल खाजवत म्हणाला, "ताई, हे जरा गोड होतंय. आपलं दुःख पातळ होतंय यानं. आणि मंडळानं मंजूर केलाय तो थांबा. तो काढला तर नाट्यगृह रद्द होईल."

आपलं दुःख म्हणे! तुझी आई होती का रे लॉन्ड्रीत? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईंनी माझा हात दाबला.

घरी आल्यावर मी भांडी आदळली, नवऱ्यावर डाफरले, सगळं केलं. "सोडा ताई हे. भीक नको असली."

"वेडी आहेस," त्या हसत म्हणाल्या. "नाट्यगृह तर मिळतंय ना? रंगमंचावर मी असणार, तो नाही. घडीपाशी त्यांना हवा तसा थांबा देईन आणि मग चालू करीन गच्ची. कोण मला हात धरून खाली ओढणार आहे? फक्त आईला पुढच्या रांगेत बसव." मला ते पटलं. कधी नव्हे ते मी त्यांच्यासाठी नवीन कापड आणलं आणि उडी मारताना ताणलं तरी उसवू नये म्हणून डबल शिवण घातली.

प्रयोगाच्या दिवशी नवऱ्यानं सासूबाईंना उचलून खुर्चीत बसवलं. दारात छापील कार्ड वाटत होते. नाचाचं नाव ताईंनी 'गच्ची' ठेवलं होतं, कार्डावर होतं 'अपूर्ण'. सासूबाई म्हणाल्या, "हे कुणाचं बारसं केलंय?" मी म्हटलं, "बघा तुम्ही, कार्डाकडे लक्ष नका देऊ." अध्यक्ष शेजारीच येऊन बसले. अत्तराचा नुसता घमघमाट.

ताई आल्या. लाकडी फरशीवर त्यांचे पाय काय वाजले म्हणून सांगू! सासूबाईंचे हात मांडीवर आपोआप हलायला लागले, पिळ, झटक, दाब. घडी आली. ताई थांबल्या. दिवे हळूहळू त्यांच्या चेहऱ्याभोवती गोळा झाले. सगळं नाट्यगृह चिडीचूप. सासूबाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "आता गच्ची का गं?" मी मान हलवली.

ताईंनी घडी झटकून उलगडली, चादर डोक्यावर उंच नेली आणि उडी घेतली. ती उडी हवेत असतानाच दिवे गेले.

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तळघरात ट्यूबलाइट असते, ती चालू केली की चालू. जन्मभर तिच्याखाली नाचलेल्या बाईला कुठून सुचणार की इथे उजेडसुद्धा आधी ठरवून ठेवतात, आणि तो मार्गदर्शकाच्या नाचाबरोबर संपतो, तिच्या नाही?

मी पायऱ्या चढून मागच्या काचेच्या खोलीत धावले. "दिवे लावा हो, ती नाचतेय अजून!" दिवेवाला तरी काय करणार. म्हणाला, "बाई, मार्गदर्शक सरांनी बसवलंय ते इथवरच आहे. पुढे काही बसवलेलंच नाही." मी म्हटलं, "अहो मग नुसता पांढरा लावा, कसलाही लावा!" तो बटणं चाचपडत राहिला. खालून पाय ऐकू येत होते. धप्प. गिरकी. पुन्हा धप्प. थांबल्या नव्हत्या ताई. तो गुडघा, ती उडी, आणि ठार काळोख.

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढून, मग सगळीकडून, कडकडाट. पायांचा आवाज त्यात बुडून गेला. कुणीतरी घाईनं प्रेक्षकांवरचे दिवे लावले, रंगमंचावरचे नाहीच. मी खाली पळाले तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या पिटत होते. अध्यक्षांचे डोळे पुन्हा भरून आले होते, ते सासूबाईंच्या समोर वाकले होते, त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणत होते, "माय, काय थांबली तुमची मुलगी, काय थांबली!"

सासूबाई त्यांच्या खांद्यावरून, कमरेखालून, जमेल तिथून काळोखात बघायची धडपड करत होत्या. हात सोडवून घेत म्हणाल्या, "अहो, बाजूला व्हा ना जरा. मला ती दिसत नाहीये."