ब्रेक नसलेले चाकांचे घर

माझे यजमान सुतार होते. मला समुद्र पाहायचा होता, म्हणून दोन वर्षे खपून त्यांनी गाडीमागे ओढायचे चाकांचे लाकडी घर बांधले. जाग येताच मला अंथरुणातून लाटा दिसाव्यात, म्हणून खिडकी उशीच्या उंचीवर ठेवली. आमच्या राज्यात ते घर तपासणीत पास झाले, पण समुद्र शेजारच्या राज्यात होता. सीमेवरच्या नाक्यावर तपासनिसाने खाली वाकून पाहिले.

"काका, आमच्याकडे मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक लागतो. असं सोडता येणार नाही."

मी म्हटले, "अहो, घर इथेच ठेवू. तीन तासांचा तर रस्ता आहे, नुसत्या गाडीने जाऊन येऊ."

"मग दोन वर्षं मी काय माशा मारल्या? ब्रेक बसवून पुढच्या महिन्यात येऊ की!"

मी हट्ट धरला नाही. परत आल्यावर त्यांनी ब्रेक बसवला आणि त्याच आठवड्यात अंथरूण धरले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

लेक म्हणते, "आई, बसने जाऊ या, एका दिवसात होईल." मी काहीतरी निमित्त काढते. समुद्र दिसेलही, पण शेजारून "दिसला का गं?" असे विचारायला हे नसतील.