रात्री जेवणानंतर एक

“मला काय धाड भरलीय?”

कशा आहात म्हणून विचारलं की बाईंचं हे उत्तर ठरलेलं. ताप असला तरी हेच, गुडघा सुजला तरी हेच. सांगली-मिरजेच्या मधल्या एका गावातल्या आमच्या मराठी शाळेत त्या चौथीला शिकवायच्या, मी तिसरीला. मधली भिंत पातळ. त्यांचा आवाज चढला की माझ्या वर्गातली पोरंसुद्धा ताठ बसायची.

शाळा सुटल्यावर बाई कुणासाठी थांबत नसत. खिडकीतून उन्हाकडे बघायचं, पदर खोचायचा आणि म्हणायचं, “चला, दिवस मावळतोय.” जैनाचं घर. दिवस मावळायच्या आत जेवण, त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब बोलत सुटले होते, तेव्हाही बाई सरळ उठून गेल्या होत्या.

अशी बाई एका दिवाळीनंतर विझत गेली. कारण काय, ते मला विचारू नका. सगळ्यांनी तेच विचारलं, आणि कारण सापडेना म्हणून आजारच नाही असं ठरवून टाकलं. नवरा चांगला, मुलगी शिकतेय, घर स्वतःचं. मग हिला रडायला काय झालं? एक दिवस पलीकडून आवाजच येईना म्हणून मी डोकावले. फळ्यावर तारीख लिहून बाई हातात खडू धरून तशाच उभ्या. पोरं चिडीचूप. “कवाच्या उभ्या हायत,” पहिल्या बाकावरची मुलगी कुजबुजली.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं, डिप्रेशन आहे म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठीवर होतं, रात्री जेवणानंतर एक. बाईंनी हे स्टाफरूममध्ये सांगितलं, आणि तिथंच चुकलं.

“सवय लागती, बाई. एकदा धरली की सुटत न्हाई,” मोठे सर म्हणाले. कधी म्हणाले? स्वतःची बीपीची गोळी चहाबरोबर गिळता गिळता! बारा वर्षं गिळतायत. एका गुरुजींनी पहाटे चालायला सांगितलं. आणखी कुणीतरी ‘वेड्याच्या गोळ्या’ असं हळूच म्हटलं, बाईंना ऐकू जाईल इतपतच हळू. आणि मी? मी म्हटलं, “मन रमवा हो कशात तरी.” आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गोळ्यांचं पाकीट टेबलाच्या खणात, खडूच्या खोक्यामागे पडून राहिलं. चार महिने. बाईंची पोलकी ढिली झाली. डबा आणायच्या तसाच परत न्यायच्या. होळीच्या आधी एकदा मधल्या सुट्टीत पायरीवर बसून मी सरळच विचारलं, “गोळी घ्यायची नाही असं ठरवलंय का तुम्ही? ठरवलं असेल तर मी गप्प बसते.”

“ठरवायला येतंय कुठं?” त्या म्हणाल्या. “रात्री जेवणानंतर म्हणलेत. माझं जेवण सहाला. मग पाणी बी न्हाई. चौदा वर्षांची असल्यापासनं पाळतीय. एवढं एकच धड राहिलंय माझ्याकडं, ते बी मोडू?”

“मग हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“मागं रांग होती हो. त्यास्नी कुठं घरचं सांगत बसायचं?”

असा संताप आला मला! चार महिने आम्ही दहा तोंडांनी सल्ले दिले, पण तुमची अडचण काय आहे, हे एकानंही विचारलं नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्या सुटल्या मी त्यांना मिरजेला नेलं, जवळजवळ ओढतच.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. “मग सकाळी नाष्ट्यानंतर घ्या की. ही गोळी सकाळी चालते.”

संपलं. एवढंच होतं ते.

बाई मात्र उठल्या नाहीत. बाहेरची रांग राहिली बाहेर. “घेतली तर मी मीच राहीन न्हवं?” त्यांनी विचारलं.

“तेच बघत राहायचं आपण,” डॉक्टर म्हणाले. “सुरुवातीला मळमळेल. गुण यायला काही आठवडे लागतील. त्रास वाढला, वाईटसाईट विचार यायला लागले, तर लगेच यायचं. नाही मानवली तर दुसरी बघू. पण आपल्या मनानं बंद करायची नाही.”

बाईंनी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, “घेती.” मी काहीच बोलले नव्हते, हे मुद्दाम सांगते.

पहिल्या आठवड्यात मळमळलंच. “म्हणलं न्हवतं?” मोठे सर म्हणाले. त्यावर मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही.

एप्रिल संपत आला होता. भिंतीपलीकडून एकदम आवाज आला, “ह्याला अक्षर म्हणायचं? कोंबडी नाचलीय का वहीवर?” आणि ती पहिल्या बाकावरची मुलगी धापा टाकत माझ्या दारात आली. “बाई, आमच्या बाई चिडल्या!” तोंडभर हसत होती पोरगी.

जूनमध्ये बाईंनी जतकडं, माहेराजवळ, बदली मागून घेतली. निरोपाला शाल झाली, नारळ झाला. मोठे सर उभे राहिले. “बाईंनी केवळ मनाच्या ताकदीवर आजारावर मात केली...”

बाई उठल्या. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांनी शालीशेजारी ठेवलं.

“मनाची ताकद चार महिने लावली, सर. पुरली न्हाई.” आवाज शांत होता. “कशा हाय म्हणून रोज विचारायचा तुमी. मला धाड भरली होती. आणि तुमी सगळे बघत होता.”

सगळे. त्यात मीही होते. माझी मान वर होईना.

खुर्ची सरकली. “चला,” बाई म्हणाल्या, “दिवस मावळतोय.”

पाकीट तेवढं त्यांनी उचललं. शाल आणि नारळ टेबलावरच राहिले.